निवृत्तीनंतर बेटावर जायचंय? शांत आणि परवडणारं बेट निवडण्याचा क्रम

ठाण्या-नवी मुंबईच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यांवर बेटाचा विषय निघाला की आधी व्हॉट्सअॅपवर एक फोटो फिरतो. निळं पाणी, पांढरी वाळू, दोन खुर्च्या. दुसऱ्या दिवशी विमानाचं तिकीट पाहिलं जातं, तिसऱ्या दिवशी काढलंही जातं. तिथे दवाखाना कुठे आहे, बोटीत चढायचं कसं, त्या महिन्यात समुद्र कसा असतो, हे प्रश्न पैसे भरून झाल्यावर सुचतात. मग कोणी खोलीतच बसून राहतं, कोणी निम्म्यात परत येतं, आणि "बेट आपल्या वयाचं काम नाही" असा निष्कर्ष निघतो. बहुतेक वेळा बेट चांगलंच असतं, निवडताना क्रम उलटा झालेला असतो.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. बेटांची नावं मुद्दाम सहाव्या टप्प्यावर ठेवली आहेत. ती आधी वाचलीत तर मन तिथेच अडकेल.

## टप्पा 1: आधी शरीराची यादी

एका कागदावर दोघांसाठी दोन रकाने करा आणि प्रत्येकाने स्वतःचा रकाना स्वतः भरा. नवऱ्याने बायकोच्या गुडघ्याबद्दल लिहू नये, आणि उलटही नको.

लिहायचं ते असं: न थांबता किती जिने चढता येतात, खाली बसून उठता येतं का, रात्री किती वेळा उठावं लागतं, रोजच्या गोळ्या कोणत्या, फ्रिजमध्ये ठेवायचं औषध आहे का, गाडी-बोट लागते का, शेवटचं इस्पितळ कधी आणि कशासाठी. कंबरेची किंवा मणक्याची तक्रार असेल तर ती ठळक लिहा. चौथ्या टप्प्यावर अर्धा निर्णय तीच घेणार आहे.

हा कागद फॅमिली डॉक्टरांना दाखवा. "आम्ही फिरायला चाललोय, चालेल ना?" असं मोघम विचारलं तर "जा, मजा करा" असंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: "दीड तास हलणाऱ्या बोटीत बसायचंय आणि मोठं इस्पितळ तीन तासांवर आहे. चालेल का?"

तपासा: दोघांपैकी ज्याची तब्येत नाजूक, त्याच्या मापाने बेट निवडायचं. सरासरी काढायची नाही.

## टप्पा 2: महिना ठरवा, मग दिशा

आपला पावसाळा जून ते सप्टेंबर, म्हणून बाकीचे आठ महिने सगळीकडे छान, हा समज मोडायला हवा.

अंदमानात नैऋत्य मोसमी पाऊस आपल्या आधी, मे महिन्याच्या उत्तरार्धातच पोचतो. तो सरला तरी बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर ते डिसेंबर वादळांची शक्यता राहते. म्हणून तिथला खात्रीचा काळ म्हणजे जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. लक्षद्वीपला पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. मालदीवमध्ये कोरडा काळ साधारण डिसेंबर ते एप्रिल.

श्रीलंकेत मात्र गंमत आहे. नैऋत्य किनाऱ्यावर, म्हणजे गॉल-उनावटुना बाजूला, डिसेंबर ते मार्च समुद्र शांत. पूर्वेला त्रिंकोमालीकडे हंगाम उलटा, साधारण मे ते सप्टेंबर. ट्रॅव्हलवाला "श्रीलंका बारमाही" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, फक्त कोणता किनारा ते सांगत नाही.

आपल्याकडे धो धो पाऊस असताना बाहेर पडायचं असेल तर बाली (एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा) किंवा मॉरिशस. मॉरिशसला जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा काळ असतो, तो टाळा. जुलै-ऑगस्टमध्ये हवा गार आणि कोरडी असते, पण पूर्व किनाऱ्यावर वारा जोरात. राहायला पश्चिम किनारा बरा.

आता गर्दीचा हिशेब. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवीन वर्ष, आणि मे महिना हे नोकरदारांना सोडून द्या. अंदमानात दुर्गापूजेच्या दिवसांत बंगालमधून मोठी गर्दी येते, हे आपल्याकडे फारसं लक्षात घेत नाहीत. निवृत्त माणसाकडे तारखांची श्रीमंती असते, ती वापरा. 26 जानेवारीचा जोडून आलेला सुट्टीचा आठवडा संपला की होळीपर्यंतचा काळ सोन्यासारखा.

सावधान: पेन्शनरांनी नोव्हेंबर पाहून घ्या. हयातीच्या दाखल्याचा तो महिना. मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण करता येतं, पण बेटावरच्या नेटवर्कवर तो प्रयोग नको. दाखला देऊनच निघा. 80 वर्षांवरच्या केंद्रीय पेन्शनरांना तो 1 ऑक्टोबरपासून देता येतो.

## टप्पा 3: इस्पितळापर्यंतचं अंतर तासांत मोजा

किलोमीटर बघू नका. बेटावर वीस किलोमीटर म्हणजे मध्ये समुद्र असेल तर उद्या सकाळसुद्धा असू शकते.

प्रश्न दोन. पहिला: रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर ईसीजी काढणारा माणूस किती वेळात मिळेल? दुसरा: तिथून मोठ्या इस्पितळात नेणार कसे, आणि त्या वेळी बोट चालते का?

अंदमानात स्वराज द्वीप (हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (नील) इथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. गंभीर रुग्णाला श्री विजयपुरमला (म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर, 2024 मध्ये नाव बदललं) जी. बी. पंत रुग्णालयात हलवतात, आणि ते हलवणं बोटीवर, हेलिकॉप्टरवर आणि हवामानावर अवलंबून. मालदीवच्या वस्तीच्या बेटांवर आरोग्य केंद्र असतं, मोठा उपचार राजधानी मालेला. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर गॉलचं मोठं सरकारी रुग्णालय आहे आणि तिथवर रस्ता आहे. बोट लागत नाही. माझ्या मते हृदयरुग्ण घरात असेल तर हा एकच मुद्दा बाकी दहा मुद्द्यांवर भारी पडतो.

गेल्या सहा महिन्यांत इस्पितळात दाखल झालेल्या माणसाने बोटीचं बेट या वर्षी सोडून द्यावं.

## टप्पा 4: शेवटचा टप्पा, म्हणजे धक्का आणि बोट

ज्येष्ठांचं घोडं अडतं ते इथे. विमानात व्हीलचेअर मिळते, 48 तास आधी कळवलं की विमान कंपनी दारापर्यंत सोडते. धक्क्यावर ती सोय धरून चालू नका. तिथे असते एक ओली फळी, वरखाली होणारी बोट, आणि हात पुढे केलेला खलाशी.

नेमकं काय होतं ते समजून घ्या. बोट लाटेबरोबर फूट-दीड फूट वरखाली होते. ती वर आलेली असताना पाय टाकायचा असतो. आपण घाबरून क्षणभर थांबतो, बोट खाली जाते, आणि पाऊल अंदाजापेक्षा खोल पडतं. गुडघा मुरगळतो तो त्या एका क्षणात. खलाशाने तुमची बोटं धरून उपयोग नाही. तुम्ही त्याचं मनगट धरायचं आणि त्याने तुमचं. दुसरा हात मोकळा हवा, म्हणजे पर्स, पिशवी, काठी आधी पुढे द्यायची. चप्पल मागे पट्टा असलेली.

याची चाचणी घरबसल्या नाही, पण घराजवळ होते: घारापुरी. गेटवेहून लाँचने साधारण तासाभराचा प्रवास. लाँचमध्ये चढताना कधी कधी एका लाँचमधून दुसरीत जावं लागतं. वर लेण्यांपर्यंत सुमारे 120 पायऱ्या. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून दुसरा वार धरा, आणि पावसाळा टाळा. लेणी पाहणं हा बोनस समजा. आपल्याला बघायचंय ते चढणं, उतरणं, तासभर हलणं, आणि संध्याकाळी घरी आल्यावर कंबर काय म्हणते ते.

निकाल असा लावा. दोघंही आरामात परतलात तर बोटीची बेटं खुली. चढउतार जमला पण मळमळलं, तर बोटीचा प्रवास दीड तासाच्या आतला आणि बंद केबिनचा निवडा. चढतानाच घाम फुटला, तर रस्त्याने किंवा थेट विमानाने पोचता येणारं बेट. त्यात कमीपणा नाही. पर्याय भरपूर आहेत.

लक्षद्वीपला जहाजाने जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच माहीत करून घ्यावी. पुष्कळ बेटांवर मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. भर समुद्रात जहाजाच्या बाजूच्या दारातून छोट्या बोटीत उतरावं लागतं. घारापुरीची परीक्षा काठावर पास झालेल्यांनी ते करू नये. कोचीहून अगत्तीला विमान आहे, तेच घ्या.

मालदीवच्या स्पीडबोटीत पुढे बसायचं नाही. पुढचा भाग लाटेवर आपटतो आणि तो दणका थेट मणक्यात जातो. हाडं ठिसूळ झालेल्यांना हे फार महागात पडतं. मागच्या बाजूला, मधल्या सीटवर बसा. त्या बोटीत बहुतेकदा स्वच्छतागृह नसतं, तेव्हा लघवीची गोळी त्या दिवशी किती वाजता घ्यायची ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

सावधान: बोट लागू नये म्हणून दुकानातून मिळणाऱ्या गोळ्यांनी झोप येते, तोल जातो. प्रोस्टेट किंवा काचबिंदू असेल तर त्यातल्या काही गोळ्या त्रास वाढवतात. शेजाऱ्याने दिली म्हणून घेऊ नका.

तपासा: बोट आणि परतीचं विमान एकाच दिवशी ठेवायचं नाही. समुद्र खराब झाला की बोट रद्द होते, विमान तुमच्यासाठी थांबत नाही. विमानतळाच्या गावात आदली रात्र काढायचीच.

## टप्पा 5: "शांत" आहे हे कशावरून?

हॉटेलवाला शांत नाही असं कधी सांगणार? त्यामुळे त्याला तसं विचारूच नका. नकाशा उघडा, उपग्रहाचं चित्र लावा आणि हॉटेलपासून धक्का, बाजार, बार, शाळा, प्रार्थनास्थळ किती लांब ते मोजा. धक्क्याजवळची खोली सोयीची वाटते, पण पहिल्या बोटीचा भोंगा पहाटेच वाजतो.

मग परीक्षणं. "सर्वात नवीन" असा क्रम लावून दोन आणि तीन तारेवाली वाचा. पाच तारेवाले भारावलेले असतात, एक तारेवाले चिडलेले. मधल्यांमध्ये कामाची माहिती सापडते. शोधायचे शब्द: जनरेटर, म्युझिक, बांधकाम, जिना, डास, कुत्रे.

शेवटी व्हिडिओ कॉल. मालकाला सांगा, "दादा, फोन घेऊन गेटपासून खोलीपर्यंत चालत जा." वाटेतल्या पायऱ्या दिसतात. मग बाथरूम: कमोड आहे का, फरशी गुळगुळीत आहे का, धरायला काही आहे का, उंबरठा किती उंच. तळमजल्याची खोली लेखी मागा, "शक्यतो देऊ" यावर समाधान मानू नका.

किनाराही विचारा. पुष्कळ सुंदर किनाऱ्यांवर ओहोटीला पाणी लांब जातं आणि खाली प्रवाळाचे धारदार दगड उघडे पडतात. शहीद द्वीपवर हा प्रकार आहे. तिथला नैसर्गिक दगडी पूल बघायला ओहोटीत याच शेवाळलेल्या दगडांवरून चालावं लागतं. फोटोत ते दिसत नाही. गुडघेवाल्यांनी लांबूनच नमस्कार करावा.

अंदमानात आपलंच घड्याळ चालतं, पण सूर्य खूप पूर्वेचा. डिसेंबरात पाच-सव्वापाचला मावळतो. जेवणानंतर झोपून साडेपाचला फिरायला निघायची सवय असेल तर अंधारात चालावं लागेल. तिथे सकाळी साडेपाचला उठणाऱ्यांची चैन आहे, आणि आपल्यातले बहुतेक तसेच. काही किनाऱ्यांवर मगरींची सूचना लावलेली असते. ती शोभेची पाटी नव्हे.

## टप्पा 6: आता चाळणीतून काय उरतं ते बघा

बोट नको, खर्च बेताचा, पहिलाच प्रयोग: दीव. बेट आहे पण पुलांनी गुजरातला जोडलेलं. मुंबईहून विमान, किंवा वेरावळपर्यंत रेल्वे आणि पुढे रस्ता. गुजरातेत दारूबंदी आणि दीवला मोकळीक, त्यामुळे शनिवार-रविवार आणि सणाला नागोआ किनारा दणाणतो. सोमवारी पोचा, शुक्रवारी निघा. कोणी म्हणेल हे काय बेट! मी तरी बेटावरची संथ दिनचर्या आपल्याला मानवते का हे आधी इथेच पाहीन.

बोट नको, आठवडा-दोन आठवडे राहायचंय: श्रीलंकेचा दक्षिण किनारा, डिसेंबर ते मार्च. मुंबई-कोलंबो थेट विमान अडीच तासांच्या आसपास, पुढे किनाऱ्याने रेल्वे किंवा द्रुतगती मार्ग. ईटीए (प्रवासाची ऑनलाइन परवानगी) आधीच काढा, सरकारी संकेतस्थळावरूनच. तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट जादा पैसे उकळतात. शाकाहाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना: तिथल्या भाजीत आणि नारळाच्या चटणीतही सुकवलेल्या माशाचा चुरा सर्रास घालतात. "व्हेज" म्हणून भागत नाही, "मासा नको, सुका मासाही नको" असं सांगावं लागतं.

घारापुरी पास: शहीद द्वीप, फेब्रुवारी-मार्च. स्वराज द्वीपपेक्षा लहान आणि निवांत. दिवसाची सहल करणारे परतीची बोट पकडून गेले की गाव आपलं. विमान बहुधा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूमार्गे, थेट मिळालं तर उत्तमच.

थोडा जास्त खर्च चालेल, पाणी मात्र त्या फोटोतल्यासारखं निळं हवं: मालदीवचं वस्तीचं बेट. रिसॉर्टचं बेट नव्हे. छोट्या गेस्टहाउसला माणशी रात्रीमागे 6 डॉलर हरित कर, तो बुकिंगच्या किमतीत धरलेला आहे का ते विचारा. स्पीडबोटीचं भाडं माणशी आणि डॉलरमध्ये. स्वस्त सरकारी फेरी आहे, पण संथ आणि शुक्रवारी सहसा बंद. या बेटांवर दारू मिळत नाही. कित्येकांच्या मते हा तोटा, शांततेच्या दृष्टीने मी त्याला फायद्यात धरतो.

पावसाळ्यात निघायचंय: बालीत सनूर. सपाट, लांब फरसबंद किनारा, सकाळी चालणाऱ्यांचं गाव. कुटा-सेमिन्याकच्या धांगडधिंग्यापासून लांब. किंवा मॉरिशसचा पश्चिम किनारा. विमान सुमारे सहा तास आणि महाग, पण तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मराठी समाज आहे, आणि रस्त्यावर गरम डाळपुरी मिळते.

## टप्पा 7: खर्च रात्रीमागे काढा

"पॅकेज किती?" हा प्रश्न चुकीचा. घर ते घर सगळा खर्च (टॅक्सी, विमान, बोट, कर, विमा, खोली, जेवण) मांडा आणि रात्रींनी भागा. समजा दोघांचं जाणं-येणं 48,000 रुपये. चार रात्री राहिलात तर नुसता प्रवासच रात्रीला 12,000. बारा रात्री राहिलात तर 4,000. निवृत्त माणसाला स्वस्त पडतं ते लांब राहणं. म्हणून खोलीचा दर विचारताना "आठवड्याचा किती, पंधरवड्याचा किती?" असंच विचारा. सकाळी चहा करायला किटली आणि छोटा फ्रिज असेल तर त्याचे थोडे जास्त द्या, जेवणाखाण्यात वसूल होतात.

विमा स्वस्तातला घेऊ नका. जुनी दुखणी सगळी लिहून द्या. लपवलेला मधुमेह दाव्याच्या वेळी बाहेर येतोच. वयोमर्यादा आणि एका जागेहून दुसरीकडे हलवण्याचा खर्च धरलाय का, या दोनच ओळी पॉलिसीत बोट ठेवून वाचा. देशातल्या बेटासाठी आपल्या नेहमीच्या आरोग्य विम्याला विचारा की तिथे कॅशलेस आहे का. नसेल तर खात्यात तेवढी रक्कम मोकळी हवी.

## टप्पा 8: पैसे भरण्याचा क्रम

1. परवानगी किंवा व्हिसाची अट पाहा. लक्षद्वीपला परवाना आणि पोलीस पडताळणी लागते, त्याला वेळ द्या. परदेशासाठी पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिने हवी.
2. खोली, रद्द करता येणाऱ्या दराने.
3. विमान.
4. विमा, विमानाच्या पाठोपाठ त्याच दिवशी.
5. बोट.

लोक तीनपासून सुरुवात करतात आणि मग एकमध्ये अडकतात.

नावांचा घोळ आपल्याकडे ठरलेला: पासपोर्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विमान, बोट, परवाना, सगळीकडे एकाच ओळखपत्रावरचं नाव, अक्षर न अक्षर तेच.

तिकिटावर विमानतळ कोणता तेही बघा. आता मुंबई आणि नवी मुंबई असे दोन आहेत. खारघरहून निघून परतताना अंधेरीला उतरणं, किंवा घोडबंदरवाल्याने पहाटेच्या विमानासाठी उलव्याला जाणं, दोन्ही जमतं, पण ते माहीत असून केलेलं असावं.

## टप्पा 9: बॅग आणि पहिला दिवस

औषधं हातातल्या बॅगेत, राहण्याच्या दिवसांहून आठवडाभर जास्त. इन्सुलिन सामानाच्या बॅगेत टाकू नका, विमानाच्या पोटात ते गोठून निकामी होऊ शकतं. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासह हवी. झोपेच्या आणि तीव्र वेदनेच्या काही गोळ्यांवर पुष्कळ देशांत निर्बंध आहेत, त्या चिठ्ठीशिवाय आणि पाकिटाबाहेर सुट्या नेऊ नका.

मालदीवला निघणाऱ्यांनी पर्समधला बाळकृष्ण घरीच ठेवावा. पूजेच्या मूर्ती तिथल्या कस्टम्सला चालत नाहीत. तिथला ऑनलाइन प्रवासी अर्ज विमानाच्या आधी 96 तासांत भरायचा असतो, आणि तो फुकट असतो. सिंगापूर किंवा दुबईमार्गे जाणार असाल तर घरच्या मसाल्यात खसखस नाही ना ते पाहा. दोन्हीकडे ती निषिद्ध आहे.

पोचल्यावर पहिल्या दिवशी समुद्रात उतरू नका. जेवा, झोपा. संध्याकाळी उजेड असताना तीन गोष्टी उरका: आरोग्य केंद्रापर्यंत एकदा चालत जाऊन या, मालकाचा आणि एका रिक्षावाल्याचा नंबर कागदावर लिहून खोलीच्या दारामागे चिकटवा, आणि धक्क्यावर जाऊन परतीच्या बोटीची वेळ तोंडी विचारून घ्या. ऑनलाइन दिसणारी वेळ आणि खिडकीतला माणूस सांगतो ती वेळ जुळली नाही, तर खिडकीतल्या माणसाची खरी माना.